मर्यादेत

गाडीखाली डाग नाही.
तीन रविवार पार्किंगमध्ये वर्तमानपत्र अंथरलं,
सकाळी उचललं तेव्हा त्यावर
फक्त बातम्या होत्या
आणि मांजराची दोन पावलं.

तरी डिपस्टिक कोरडी.
पुसली, घातली, काढली, पुन्हा पुसली.
खालच्या खुणेपाशी जेमतेम एक ओलसर रेघ,
आमटी संपल्यावर डावाला राहते तेवढी.

बाणेरच्या सर्व्हिस सेंटरमधला ओजस,
हातात टॅब, गळ्यात पट्टा,
म्हणाला, "टेस्ट करू, मॅडम."
खालच्या नटाला पिवळा रंग फासला,
झाकणाला कागदी सील लावलं.
"हजार किलोमीटर चालवून या."

हजार किलोमीटर कुठे चालवायचे रिटायर बाईने?
सासवडला बहिणीकडे गेले, तिला नको होतं तेव्हाही.
दिवे घाट चढले, उतरले.
नवले पुलाच्या उतारावर ट्रकांना आधी जाऊ दिलं.
चांदणी चौकात चुकून मुळशीच्या रस्त्याला लागले,
चुकलेच आहे तर म्हणून पिरंगुटला भजी खाल्ली.
शेवटचे चाळीस किलोमीटर
कात्रजच्या पुढे नुसतेच भरून काढले,
पान भरायचं म्हणून
मुलं अक्षर मोठं काढतात तसे.

सील तोडलं. तेल मोजलं.
सहाशे चाळीस मिली कमी.
ओजसने टॅब माझ्याकडे वळवला.
"कंपनीची मर्यादा सातशे.
मर्यादेत आहे, मॅडम."

हा शब्द माझा आहे रे, बाळा.
भोसरीला गेज रूममध्ये एकवीस वर्षं
मीच तो बोलत आले,
वीस अंशांवर, मे महिन्यात स्वेटर घालून.
दत्तू कुदळे ट्रे आणायचा पिस्टनच्या रिंगांचे.
"बाई, ही जरा काठावर आहे."
मी डायलची सुई बघायची,
केसाच्या विसाव्या हिश्श्यावर थरथरणारी.
"मर्यादेत आहे. जाऊ दे."
ती जायची.
कुणाच्या गाडीत, मी कधी विचारलं नाही.

नाना पेठेत इलियासभाईंनी बोनेट उघडून
आधी वास घेतला.
"रिंगा आता सैल हाताने धरतात, बाई.
मायलेज पाहिजे ना सगळ्यांना.
तेलसुद्धा पाण्यासारखं.
खरवडून खाली यायचं ते वरच राहतं, जळतं,
भोकांत काजळी बसते, मग अजून जळतं.
इंजिन खोललं तर साठ हजार.
नाहीतर पाजत राहा."

पाजतेय.
डिकीत स्टेपनीशेजारी लिटरचा डबा, नरसाळं,
जुना गाऊन फाडून केलेल्या चिंध्या.
ह्यांच्या ब्लड प्रेशरच्या वहीतच, मागच्या पानापासून उलटं,
तारीख, किलोमीटर, मिली.
मधे कुठेतरी दोघं भेटतील, असे हे म्हणतात.

काल नळ स्टॉपला सिग्नलवर
तोंडाला ओढणी बांधलेल्या एका मुलीने
स्कूटर शेजारी आणून काच ठोठावली.
"काकू, धूर येतोय तुमच्या गाडीतून. निळा."
माहीत आहे, म्हटलं.
"माहीत आहे तर करा ना काहीतरी!"
सिग्नल सुटला. ती गेली.
मागे हॉर्न वाजेपर्यंत मी तिथेच.

रात्री दत्तूचा नंबर शोधला.
तो आता चऱ्होलीला असतो, नातवाला शाळेत सोडतो,
माझा आवाज त्याने लगेच ओळखला.
गाडीचं सांगितलं तर हसला.
मग विचारलं,
दत्तू, ज्या ट्रेला मी नाही म्हणायचे,
त्यांचं काय व्हायचं रे?

तिकडे टीव्ही चालू होता. त्याने तो बारीक केला.
"काय व्हायचं, बाई.
लेबल बदलून दुपारी परत तुमच्याकडेच आणायचो.
जेवण झाल्यावर
तुम्ही पास करायचात."